दरड येण्याआधीचा निधी : डोंगरपायथ्याच्या गावाने प्रस्ताव कसा करावा आणि मंजूर कसा करून घ्यावा

दरड कोसळली की तलाठी येतो, पंचनामा होतो, मृताच्या वारसांना ४ लाख रुपये मिळतात. दरड कोसळू नये म्हणून मात्र कोणी आपणहून गावात येत नाही. तिथे गावालाच कागद घेऊन जावं लागतं. मदत पंचनाम्यावर मिळते, धोका कमी करण्याचा निधी प्रस्तावावर मिळतो. एवढं एक वाक्य आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं, तर आमच्या वाडीची दोन वर्षं वाचली असती.

मी रायगडच्या डोंगरपट्ट्यात एक मुदत ग्रामपंचायत सदस्य होतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, त्याच आठवड्यात आमच्या वाडीच्या मागच्या उतारावर भेग दिसली. आम्ही घाबरून दिसेल त्या कार्यालयात अर्ज दिला : ‘वाडीमागे संरक्षक भिंत बांधून मिळावी, ही विनंती.’ खाली चाळीस सह्या. तो अर्ज वर्षभर फिरून परत आला. शेरा होता, ‘जागेचा तपशील, अंदाजपत्रक व धोक्याचा अहवाल जोडलेला नाही.’ शेरा बरोबर होता. आज मी आसपासच्या वाड्यांना प्रस्ताव तयार करायला मदत करतो. पूर, वादळ, वीज यांच्यासाठीही वाट साधारण हीच आहे. पण मला दरडीचं काम जवळून माहीत आहे, म्हणून तेच धरून सांगतो.

पैसा कुठे असतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४८ मध्ये राज्याने दोन वेगळे निधी उभारावेत असं लिहिलं आहे : एक आपत्ती आल्यावर खर्च करायचा प्रतिसाद निधी, दुसरा आपत्ती येण्याआधी धोका कमी करण्यासाठीचा. या दुसऱ्याला सरकारी भाषेत ‘सौम्यीकरण निधी’ म्हणतात. शब्द अवघड आहे, पण तोच वापरा. ‘मदत मिळावी’ असं लिहिलंत तर कागद मदतीच्या गठ्ठ्यात जातो.

कायद्यात तरतूद असूनही या निधीत खरा पैसा आला तो १५ व्या वित्त आयोगामुळे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले आणि त्यातले २० टक्के, म्हणजे सुमारे ३२ हजार कोटी, फक्त सौम्यीकरणासाठी बाजूला ठेवले. उरलेल्या ८० टक्क्यांतही १० टक्के पूर्वतयारी आणि प्रशिक्षणाचे होते. त्या काळात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के होता, राज्याचा २५. एप्रिल २०२६ पासून १६ व्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे प्रस्ताव लिहिण्याआधी चालू वर्षाचं प्रमाण आणि शासन निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातून मागून घ्या. जुन्या शासन निर्णयाचा हवाला दिलेला कागद पहिल्याच टेबलावर अडतो.

याशिवाय केंद्राचा राष्ट्रीय सौम्यीकरण निधी आहे. त्यातून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १५ राज्यांच्या दरड सौम्यीकरणासाठी १,००० कोटी मंजूर झाले, त्यात महाराष्ट्राचे १०० कोटी. राज्याचा कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पही आहे. भूमिगत वीजवाहिन्या, निवारे, वीज अटकाव यंत्रणा, धूपप्रतिबंधक बंधारे, दरडप्रवण जागांची कामं त्यात धरली आहेत. गावाने या मोठ्या निधींना थेट अर्ज करायचा नसतो. गावाचा प्रस्ताव जिल्ह्याकडे जातो, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तो राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाकडे पाठवतं, आणि कुठल्या निधीतून बसवायचा ते वर ठरतं. आपलं काम एवढंच, की जिल्ह्याच्या यादीत आपला कागद पूर्ण आणि पहिल्या रांगेत असावा.

आधी डोंगर वाचा, मग कागद लिहा

हा टप्पा लोक टाळतात, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. साहेब पाहणीला एकदा, तेही बहुतेक उन्हाळ्यात येतात. तेव्हा डोंगर कोरडा असतो, भेगा मातीने भरलेल्या असतात, पऱ्याला (डोंगरातल्या ओढ्याला) थेंब नसतो. जून ते सप्टेंबर हा पुराव्याचा हंगाम आहे आणि तो पुरावा फक्त वाडीतली माणसंच गोळा करू शकतात.

आमच्याकडे सुरुवात एका आजीने केली. तिने सांगितलं, ‘पाणवठ्याचं पाणी दोन दिस झाले तांबडं येतंय, पाऊस नसतानाही.’ कोणी लक्ष दिलं नाही. मग तिच्या घराचा मागचा दरवाजा चौकटीत अडकायला लागला. लाकूड पावसाने फुगलं असेल म्हणून तिच्या मुलाने तो तासला. आठवड्यात पुन्हा अडकला. तेव्हा आम्ही मागच्या उतारावर चढून पाहिलं, तर करवंदीच्या जाळीतून आडवी भेग गेली होती, बोटभर रुंद, साठ-सत्तर पावलं लांब. दरवाजा फुगला नव्हता, घराची जोतीच सरकत होती.

या खुणा प्रत्येक वाडीने पाहायला शिकावं : उतारावर आडवी किंवा चंद्रकोरीच्या आकाराची भेग, एका बाजूला कललेली झाडं किंवा विजेचे खांब, अचानक फुटलेला नवा पाझर, नेहमीच्या झऱ्याचं पाणी गढूळ होणं, भर पावसात वाहता पऱ्या एकाएकी थांबणं, भिंतींना तिरक्या भेगा. पऱ्या थांबला तर पुरावा गोळा करत बसू नका. वर माती-दगडांनी प्रवाह अडलेला असू शकतो. त्या क्षणी वाडी रिकामी करा आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा.

नोंद कशी ठेवायची? भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गजाचे तुकडे ठोका, एकमेकांसमोर, अशा तीन जोड्या. दर रविवारी दोन गजांमधलं अंतर टेपने मोजा. वहीत तारीख, वेळ, अंतर आणि मोजणाऱ्याची सही. घराच्या भिंतीतल्या भेगेवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर तारीख घाला. पट्टी फाटली की भेग वाढली. मोबाइलवर अक्षांश-रेखांश छापून येतील असा फोटो प्रत्येक वेळी त्याच जागेवरून काढा.

सोबत पाऊस मोजा. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतं आणि आमच्यासारख्या वाडीत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. सरळ उभ्या भिंतीचं भांडं किंवा वरचा गळा कापलेली सरळ बाटली मोकळ्या जागी घट्ट बसवा, तळाचा खोलगट भाग वाळू-सिमेंटने सपाट करा, बाहेरून पट्टी लावा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातंही २४ तास तिथूनच मोजतं. त्यांच्या भाषेत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिजोरदार पाऊस, आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत जोरदार. ‘खूप पाऊस पडला’ या शब्दांपेक्षा ‘२२ तारखेला २३० मिलिमीटर, त्याच दिवशी भेग ११ मिलिमीटरने वाढली’ ही ओळ कितीतरी वजनदार ठरते. घरची बाटली सरकारी नोंद ठरत नाही, हे खरं. पण भूवैज्ञानिकाला कुठे आणि कधी पाहावं हे ती दाखवते.

या सगळ्याबरोबर एक नजरी नकाशा काढा. आम्ही तो शाळेच्या फळ्यावर काढून मग मोठ्या कागदावर उतरवला. घरं, पऱ्या, पाणवठा, भेग, अंगणवाडी, पक्का रस्ता, आणि रात्री-अपरात्री वाडी सोडायची झाली तर जायची वाट. प्रत्येक घरात माणसं किती, त्यात म्हातारी, आजारी, गरोदर, लहान मुलं किती, याचा तक्ता. गोठ्यातली जनावरंही लिहा. रात्री वाडी सोडायला सांगितलं तर अर्धी माणसं जनावरांसाठी मागे थांबतात, हे साहेबांना माहीत नसतं, आपल्याला असतं.

दरडप्रवण यादीत नाव आहे का?

प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो. कोणता भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतो हे त्यात लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि दर वर्षी तो अद्ययावत करणंही. त्यातली दरडप्रवण गावांची यादी तहसील कार्यालयात पाहायला मागा. बघताना महसुली गावाचं नाव पाहून परत येऊ नका. वाडीचं नाव आहे का ते पाहा. गाव सपाटीवर आणि वाडी डोंगरात, असं आपल्याकडे सर्रास असतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण यादीत नव्हती, हे त्यानंतर विधानसभेतच सांगितलं गेलं. म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नका. ज्या वाडीचं नाव यादीत नसतं, तिला पाहणी नाही, पावसाळ्यापूर्वीची नोटीस नाही, निधीही नाही.

नाव घालण्यासाठी ग्रामपंचायतीने तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्यायचं : वाडीची नोंदवही, फोटो, नकाशा जोडून भूवैज्ञानिक पाहणीची मागणी. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणून पत्र त्या पदनामाने लिहा. पाहणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग किंवा राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. भूवैज्ञानिक येतील त्या दिवशी वाडीतली दोन जाणती माणसं बरोबर द्या, विशेषतः गुरं राखणारा. भेगा त्याला पाठ असतात. आणि परत जाताना अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला मिळावी, अशी लेखी विनंती हातात द्या. तो अहवाल हाच पुढच्या प्रस्तावाचा कणा आहे. त्यात ‘तातडीने पुनर्वसन’ असं लिहिलं असेल तर भिंतीचा प्रस्ताव बाजूला ठेवा. तो मार्ग वेगळा आहे आणि अशा वेळी भिंत मागणं म्हणजे माणसांना धोक्यात ठेवणं.

काय मागायचं : भिंतीच्या आधी पाणी

गावाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘संरक्षक भिंत.’ भिंत डोळ्यांना दिसते, तिच्यावर पाटी लागते, म्हणून सगळ्यांनाच आवडते. पण बहुतेक उतार सुटतात ते मातीत पाणी भरल्यामुळे. माती जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते आणि ती घसरते. भिंतीमागे पाणी साचलं तर त्याच दाबाने भिंतही उलटते, आणि मग मातीबरोबर दगडही घरांवर येतात.

म्हणून मागणीचा क्रम असा ठेवा. पहिलं, भेगेच्या वरच्या बाजूने येणारं पाणी आडव्या पक्क्या गटाराने वळवून नैसर्गिक पऱ्यात सोडणं. दुसरं, भेगा चिकणमातीने ठासून बंद करणं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. तिसरं, पऱ्यावरच्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा) मोठ्या करणं आणि त्याच्या पात्रातली अडगळ काढणं. मग भिंत. तीही शक्यतो तारेच्या जाळीत दगड भरून केलेली, म्हणजे गॅबियन. तिच्यातून पाणी निघून जातं आणि जमीन थोडी हलली तरी ती एकदम फुटत नाही. काँक्रीटची भिंत असेल तर मागे खडीचा थर आणि पाणी निघायच्या नळ्या अंदाजपत्रकात आहेत का, ते बोट ठेवून वाचा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण इतकी वर्षं ऐकलंय, की डोंगर दिसला की समतल चर खणायचे, हे अंगवळणी पडलंय. कमी पावसाच्या माणदेशात ते योग्य आहे. पण तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, जाड मातीच्या आणि आधीच भेगाळलेल्या उतारावर, वस्तीच्या डोक्यावर चर खणून पाणी मुरवणं म्हणजे त्या उताराचं वजन वाढवणं. तिथे पाणी बाहेर काढायचं असतं. भूवैज्ञानिकांचा लेखी सल्ला असल्याशिवाय वाडीच्या वर चर, शेततळं किंवा जेसीबीने सपाटीकरण, यातलं काहीही मागू नका आणि दुसऱ्या योजनेतून कोणी करत असेल तर ग्रामसभेत आक्षेप नोंदवा.

बांधकाम सोडूनही मागण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते स्वस्त असतं : पर्जन्यमापक, भोंगा, सौर दिवे, वाडीतून बाहेर पडायची पक्की पायवाट, दोर-टॉर्च-स्ट्रेचर असं शोध व बचाव साहित्य, तरुणांना प्रशिक्षण. आपदा मित्र योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण आणि साहित्याचा संच मिळतो. तुमच्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे ते आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना विचारा आणि मुलींची नावंही द्या. दिवसा वाडीत पुरुष कमीच असतात, बरेचसे मुंबई-पुण्याला.

काय मागू नये, हेही पक्कं ठेवा. सौम्यीकरण निधी स्थानिक, लोकसहभागाच्या कामांसाठी आहे. समुद्रकिनाऱ्याच्या लांबलचक भिंती, नदीचे मोठे पूरबांध यांच्यासाठी नियमित विकास योजना आहेत, असं १५ व्या वित्त आयोगानेच म्हटलं आहे. देखभाल-दुरुस्ती आणि सुशोभीकरणही यात बसत नाही. ‘स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता आणि संरक्षक भिंत’ असा एकत्र प्रस्ताव गेला की रस्त्यामुळे भिंतही जाते.

ग्रामसभेचा ठराव

पावसाळा संपला की लगेच २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारीही तेव्हाच सुरू होते. ही तारीख हुकवू नका. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्ती नसताना केलेल्या ठरावावर कोणीही आक्षेप घेऊ शकतं, म्हणून हजेरीच्या सह्यांकडे लक्ष द्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायची असते, तिथे हा विषय नक्की घ्या. पाणी तांबडं येतंय हे आमच्याकडे आधी कोणाला कळलं, ते वर सांगितलंच आहे.

ठराव मोघम नको. आम्ही दुसऱ्यांदा केला त्याचा सांगाडा असा होता :

‘मौजे … येथील … वाडीच्या वरील बाजूस, गट क्रमांक … मधील उतारावर सुमारे … मीटर लांबीची भेग आढळली असून दि. … ते दि. … या कालावधीत ती … मिलिमीटरने वाढल्याची नोंद आहे. वाडीत … कुटुंबे व … व्यक्ती राहतात. भूवैज्ञानिक पाहणी अहवाल दि. … मधील शिफारशींनुसार (१) पाणी वळवण्याचे गटार, (२) पऱ्यावरील मोरीचे रुंदीकरण, (३) जाळीबंद दगडी भिंत ही कामे या प्राधान्यक्रमाने राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीतून अथवा अन्य उपलब्ध निधीतून मंजूर व्हावीत. ही कामे यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून झालेली अथवा मंजूर नाहीत. पूर्ण झालेल्या कामांची देखभाल ग्रामपंचायत स्वनिधीतून करील.’

‘अथवा अन्य उपलब्ध निधीतून’ हे शब्द वगळू नका. ते नसतील तर निधी बदलला की ठराव नव्याने करावा लागतो. आणि शेवटची दोन वाक्यं नसल्यामुळे किती प्रस्ताव परत येतात ते मी पाहिलंय. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही-शिक्का, हे झालं की त्याच दिवशी चार साक्षांकित प्रती काढून घ्या.

अंदाजपत्रक आणि जागा

अंदाजपत्रक शाखा अभियंता करतात, जिल्हा परिषदेच्या बांधकाम किंवा लघुपाटबंधारे विभागाचे. तेही चालू दरसूचीवर. मागच्या वर्षीच्या दराने केलेलं असेल तर मंजुरीला जाईपर्यंत ते कमी पडतं. दगड-सिमेंट वाडीपर्यंत कसं पोहोचणार, हे अभियंत्यांना जागेवर नेऊन दाखवा. शेवटचा अर्धा किलोमीटर डोक्यावरून वाहतूक असेल तर तो खर्च अंदाजपत्रकात यायला हवा, नाहीतर ठेकेदार काम अर्ध्यावर सोडतो.

जागेचा प्रश्न इथेच सोडवा. सातबारा काढा. खासगी जमीन असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, मुंबईला असलेल्या भावाचंही. दिवाळीला किंवा गणपतीत तो गावी येतो तेव्हा सही घेऊन ठेवा.

वनजमीन असेल तर पुष्कळ लोक तिथेच हात टेकतात. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये १३ प्रकारच्या सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते; अट ही, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. या तेरांत रस्ता आहे, पिण्याच्या पाण्याची वाहिनी आहे, शाळा, अंगणवाडी आहे आणि सामाजिक सभागृहही आहे. संरक्षक भिंत त्यात नाही. पण वाडीतून बाहेर पडायचा रस्ता आणि अतिवृष्टीच्या रात्री निवारा म्हणून वापरता येईल असं सभागृह या मार्गाने होऊ शकतं. भिंतीसाठी वनविभागालाच यंत्रणा म्हणून पुढे करता येतं का, ते वनक्षेत्रपालांशी बोलून पाहा. वनजमिनीवरचं काम त्यांनीच करायचं ठरलं तर परवानगीचा अर्धा घोळ संपतो. किनाऱ्यालगतच्या गावांना सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते का, हेही आधीच तपासावं.

एकच काम, अनेक खिडक्या

सगळं सौम्यीकरण निधीवर सोडून बसू नका. मंजुरी राज्य पातळीवर, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यकारी समितीत होते, त्याला वेळ लागतो. कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला जवळची खिडकी शोधा. गटार आणि मोरी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होऊ शकते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच ठरतो, म्हणून डिसेंबरच्या आत कागद पोहोचायला हवा. पऱ्यातला गाळ काढणं, दगडी बांध अशी मजुरीची कामं रोजगार हमीत बसतात. त्यांची यादी आणि नियम बदलत असतात, पंचायत समितीच्या रोहयो कक्षातून ताजी यादी घ्या. पर्जन्यमापक, भोंगा, दिवे यांसाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामांचं बंधन नसलेल्या) निधीचा विचार करा. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावंच लागतं आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढलेलं असावं लागतं. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यासारख्या पेसा क्षेत्रात (जिथे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. आमदार निधी आहे. जवळ औद्योगिक वसाहत असेल तर कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन स्पष्ट लिहिलेलं आहे.

एक पथ्य पाळा. एकाच कामाला दोन निधींतून मंजुरी घेऊ नका. एकीकडून मंजुरी आली की त्याच दिवशी दुसरीकडे लेखी कळवा. दुबार काम सापडलं की वसुली लागते आणि पुढची पाच वर्षं त्या ग्रामपंचायतीचा कागद कोणी हातात धरत नाही.

पाठपुरावा

प्रस्ताव देताना पोच घ्या, आवक क्रमांकासह. त्या क्रमांकाशिवाय तुमचा प्रस्ताव कार्यालयाच्या लेखी अस्तित्वातच नसतो. एका वहीत लिहा : कुठल्या टेबलावर, कधीपासून, काय त्रुटी सांगितली, कधी पूर्ण केली. महिन्यातून एकदा एकाच माणसाने जावं. दर वेळी नवा माणूस गेला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. लोकशाही दिनाला, म्हणजे सरकारी कार्यालयात तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, विषय मांडा. दोन-तीन महिने हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. भाषा भांडणाची नको. ‘आमचा प्रस्ताव क्रमांक … सध्या कोणत्या स्तरावर आहे, त्यावरील शेऱ्यांची प्रत मिळावी’, एवढंच विचारा. आमचा प्रस्ताव अशाच एका अर्जानंतर पुढे सरकला. तो एका नकाशाच्या प्रतीसाठी अडकून पडला होता आणि ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मंजुरीनंतर

आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, हा क्रम आहे. काम सुरू होण्याआधी कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वाडीतल्या दोघा-तिघांची देखरेख समिती करा. त्यात गवंडीकाम कळणारा एक माणूस हवाच. पाया कातळापर्यंत गेला का, जाळीतले दगड हाताने रचले की नुसते ओतले, नळ्या मोकळ्या आहेत का, हे तीन प्रश्न रोज विचारायचे. पाया झाकण्याआधी फोटो काढा, पट्टी लावून. तो एकदा झाकला गेला की मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय ते ताडून पाहायचा मार्ग उरत नाही.

काम मार्च-एप्रिलमध्ये उरकायला हवं. मे महिन्यात उकरलेला उतार जूनच्या पहिल्या पावसात उघडा राहणं, हा सगळ्यात वाईट प्रसंग. निविदेला उशीर झाला असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर खोदकाम सुरू करू देऊ नका. निधी परत जाईल अशी भीती दाखवली जाते. मार्चअखेरीस पुनर्विनियोजनाची किंवा मुदतवाढीची लेखी मागणी करता येते, ती करा, पण उतार उघडा टाकू नका.

काम पूर्ण झालं की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेत जातंय ना ते पाहा. जिल्ह्याला पुढचा हप्ता त्याच्याशिवाय येत नाही, म्हणजे शेजारच्या वाडीचं काम आपल्या कागदावाचून अडतं.

आमच्याकडे गटार झालं, मोरी मोठी झाली, भिंतीचा पहिला टप्पा झाला. गज अजून तिथेच आहेत. रविवारची मोजणी आता आठवी-नववीच्या दोन मुली करतात. गेल्या पावसाळ्यात तीन जोड्यांपैकी दोन हलल्या नाहीत, तिसरी चार मिलिमीटर सरकली. ती ओळ आम्ही तांबड्या पेनाने अधोरेखित केली आणि वहीची छायाप्रत तहसीलला देऊन आलो, पोच घेऊन.